पार्किंगमध्ये मगर, आणि सोसायटीचे पाच हजार

निंबोणी | ३ सप्टेंबर २०२४

बडोद्यातले कुणी आहेत का इथे जागे? समा भागात राहते, विश्वामित्री नदीपासून चालत सात-आठ मिनिटं. पूर ओसरून चार दिवस झाले, अजून पाणी टँकरचंच.

परवा रात्री साडेदहाला कचरा टाकायला खाली गेले. लाईट नुकते आले होते, तेही एकाच विंगचे. पार्किंगमध्ये बोटभर गाळ. माझ्या ॲक्टिव्हाच्या स्टँडजवळ कुणीतरी फाटकं टायर टाकलंय असं वाटलं म्हणून पायाने सरकवायला गेले, तेवढ्यात मागून वॉचमनभाई ओरडले, "बेन, ऊभा रहो! मगर छे!" आणि टायरने तोंड उघडलं.

अडीच फुटांचं असेल. तोंडाच्या आतला रंग फिका पिवळट, आणि आवाज असा की कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ फसफसते ना, तसा. मी दुसऱ्या क्षणाला जिन्याच्या पाचव्या पायरीवर. मधल्या चार कशा चढले, आठवत नाही.

वॉचमनभाईंनी दुधाचं रिकामं क्रेट त्याच्यावर पालथं घातलं आणि वर दोन विटा ठेवल्या. फोन केला. वनखात्याची माणसं सव्वा वाजता आली, कमरेपर्यंत चिखल, डोळे लाल. त्यांना मी चहा केला, तर एक मुलगा कप हातात धरूनच भिंतीला टेकून झोपला. दुसऱ्याने क्रेट उचलून ओलं गोणपाट मगरीच्या डोळ्यांवर टाकलं, आणि ते जनावर एकदम गप्प. पोपटाच्या पिंजऱ्यावर फडकं टाकल्यासारखं. "आ तो बच्चुं छे," म्हणाला आणि काखेत मारून घेऊन गेला.

आता खरा प्रश्न. आमच्या कंपाऊंडच्या मागे कोतर आहे. बाहेरगावच्यांसाठी : नदीला मिळणारी खोल घळ, झाडोऱ्याने भरलेली. सोसायटीने काल ठरवलं की दर घरामागे पाच हजार काढायचे, पुराचा सगळा राडारोडा त्या कोतरात टाकून ते बुजवायचं, आणि मागची भिंत आठ फुटांची करायची. ४८ घरं आहेत. रविवारपर्यंत सह्या हव्यात.

माझा तळमजला. फ्रिज गेला, वर्षाचे गहू गेले, सासूबाईंना पलंगासकट वर न्यावं लागलं. तरी सही करताना हात अडतोय, का ते नीट सांगता येत नाही. करू की नको?

---

दोरी_गोणपाट | ३ सप्टेंबर २०२४

ताई, क्रेट ही आयडिया बरी होती. पण पुन्हा असं दिसलं तर क्रेटसुद्धा नको. दहा-पंधरा फूट लांब राहायचं, कुत्री आणि मोबाईलवाली मंडळी मागे हटवायची, आणि ते कुठे शिरतं यावर नजर ठेवायची. बस्स. मी ज्या गटाबरोबर जातो तिथे २७ तारखेपासून कुणाचे बूट सुकलेले नाहीत. वनखात्याच्याच म्हणण्याप्रमाणे या पुरात तीन दिवसांत २४ मगरी वस्तीतून उचलल्या. शिवाय नाग, मोठाली कासवं, एक साळिंदरसुद्धा.

तुमचं ते पिल्लू तुमच्यासाठी आलं नव्हतं. पाण्याला ओढ असली की मगर पोहत बसत नाही, ती संथ पाणी शोधते. भर पुरात तुमचं पार्किंग हे त्या भागातलं सगळ्यात संथ पाणी होतं. पाणी उतरलं आणि ते गाड्यांमध्ये अडकलं, एवढंच.

गोणपाटाचं गुपित सांगतो. दिसेनासं झालं की मगर शांत होते. आणि तिचा जबडा मिटण्याची ताकद भयंकर असली तरी उघडण्याची अगदीच बेताची असते, म्हणून तोंडाला चिकटपट्टीचे चार वेढे पुरतात. (हे वाचून घरी करायला जाऊ नका. मिटलेलं तोंड आधी मिळावं लागतं, आणि शेपटी मोकळीच असते.)

---

रोखठोक | ३ सप्टेंबर २०२४

सही करा. दोनदा करा.

मी बडोद्यातच, अकोटा भागात राहतो. आमच्या भागात पत्र्याच्या छपरावर मगर बसली होती, तो व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय आणि हसणाऱ्या इमोज्या टाकल्यात. आमच्या घरात लहान मुलं आहेत. नदीत साडेचारशे मगरी असतील तर असोत, मला त्यांचं कौतुक नाही. माझी गाडी टपापर्यंत बुडाली. विमावाले विचारतायत, गाडी पाण्यात असताना तुम्ही इंजिन चालू केलं होतं का? म्हणजे क्लेम नाकारायला मोकळे. मी त्या वेळी दुसऱ्या मजल्यावर मेणबत्ती शोधत होतो. साक्षीदार म्हणून मगरीचा जबाब आणू का?

---

आत्याबाई | ४ सप्टेंबर २०२४

निंबोणी बाळ, आधी हे सांग, सासूबाई बऱ्या आहेत ना? ओलीत झोपवू नकोस त्यांना.

मी रावपुऱ्यात वाढले. रविवारी बाबा कमाटीबागेत न्यायचे आणि पुलाच्या कठड्यावर उभं करून विचारायचे, सांग किती दिसतात. थंडीत जास्त दिसायच्या. काठावर आ वासून पडलेल्या, जणू कुणी दातांचा डॉक्टर येणार आहे. मला वाटायचं त्यांना भूक लागलीय. मी हातातली भेळ टाकायला गेले तर बाबांनी असा हात ओढला की बांगडी फुटली.

शेजारच्या हंसाबेन खोडियार मातेच्या. देवीचं वाहन मगर. त्यांच्याकडे माघात खोडियार जयंतीला लापशी व्हायची, वाटीभर आम्हाला यायची. पूर आला की त्या म्हणायच्या, "माताजी फरवा नीकळ्या." देवी फिरायला निघाल्या म्हणे. आमची आई म्हणायची, देवी फिरोत, वाहन घरी ठेवोत.

सही तुझी तू ठरव. पण कोतर बुजवलं तर पाणी काय आपल्याला विचारून रस्ता शोधणार आहे?

---

पुण्याचा_पाहुणा | ४ सप्टेंबर २०२४

अज्ञानाबद्दल क्षमस्व. मगर आणि सुसर एकच ना? आमच्याकडे चिपळूणला मामा वाशिष्ठीतल्यांना सुसर म्हणतो.

---

दोरी_गोणपाट | ४ सप्टेंबर २०२४

मामा कोकणी वापराप्रमाणे बरोबर, पुस्तकाप्रमाणे चूक. सुसर म्हणजे घडियाल : चिमट्यासारखा लांब अरुंद जबडा, वयात आलेल्या नराच्या नाकावर घड्यासारखा फुगा, आणि खाणं मासे. ती चंबळेत, आमच्या ग्वाल्हेरच्या मित्राला विचारा. वाशिष्ठीत, सांगलीला कृष्णेत आणि आमच्या विश्वामित्रीत आहे ती मगर. रुंद तोंडाची, मिळेल ते खाणारी. मासे, कुत्री, मेलेली जनावरं, आणि कोतरात रात्री टाकलेल्या कोंबडीच्या आतड्यांच्या पिशव्यासुद्धा. हे शेवटचं मुद्दाम लिहिलंय. निंबोणीताई, तुमच्या मागच्या बाजूला कुणी टाकतं का?

---

निंबोणी | ४ सप्टेंबर २०२४

कोपऱ्यावर अंडा-चिकनची लारी, म्हणजे हातगाडी आहे. रात्री बारानंतर "धप्प" असा आवाज येतो मागून. इतकी वर्षं मला वाटत होतं नारळ पडतात.

---

पुण्याचा_पाहुणा | ४ सप्टेंबर २०२४

नारळाचं झाड आहे का तिथे?

---

निंबोणी | ४ सप्टेंबर २०२४

नाही.

---

ओव्हरसियर | ५ सप्टेंबर २०२४

पाटबंधाऱ्यात उमेदीची वर्षं गेली, आता नातवंडं सांभाळतो. लांबलचक लिहितोय, चष्मा लावून वाचा.

विश्वामित्री पावागढावरून निघते. आपल्या शहरातून वेटोळी घेत जाते आणि खाली पिंगळवाड्याजवळ ढाढर नदीला मिळते, मग खंभातचं आखात. वर आजवा सरोवर, सयाजीराव महाराजांच्या काळचं मातीचं धरण, ६२ दरवाज्यांचं. बडोदेकर पावसाळ्यात दोनच आकडे विचारतो : आजव्याची पातळी किती आणि काळ्या घोड्याच्या पुलाशी नदी किती फूट. पुलाशी २५ फूट ही भयजनक सपाटी. या वेळी ती ३५ च्या वर गेली. म्हणजे धोक्याच्या खुणेवर पुन्हा एक मजला पाणी.

असं का होतं? एक, पाऊस. २०१९ च्या ३१ जुलैला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पडला होता, तेव्हा कुठलीच नदी हात टेकेल. दोन, खाली ढाढरच फुगलेली असते, त्यामुळे विश्वामित्रीचं पाणी दाराशी येऊन थांबतं, आत घेणारं कुणी नसतं. तीन, आपण.

पाठमोरा हात डोळ्यांपुढे आणा. मधली मोठी शीर म्हणजे नदी, बाजूच्या बारीक शिरा म्हणजे कोतरं आणि कांस, म्हणजे पावसाळी नाले. पूर चढताना पाणी आधी या शिरांमध्ये उलटं घुसतं आणि तिथे उभं राहतं. त्या काळात नदीची उंची तेवढी कमी वाढते. उतरताना तेच पाणी सावकाश परत येतं. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला जी कोतरं मी लेव्हल घेत उतरलोय, त्यांतल्या काहींवर आज पार्टी प्लॉट आहेत. जिथे मोजणीची उभी पट्टी धरून माझा माणूस उभा राहायचा तिथे नवरदेव उभा राहतो.

निंबोणीताई, तुमचं कोतर बुजवलं तर तेवढं पाणी शेजारच्या सोसायटीत जाईल आणि तुमच्याकडे मागून यायच्या ऐवजी पुढच्या गेटातून येईल. शिवाय राडारोड्याचा भराव दाबून बसवलेला नसतो. दोन पावसाळ्यांत तो खचतो आणि खचताना तुमची भिंत बरोबर नेतो. आपली माती गाळाची, ढिसाळ. कोतराच्या कडेला बांधलेलं काहीही मुळात उसनंच.

आणि भिंत. पाणी आत यायला त्याला भिंत ओलांडावी लागत नाही. गटाराच्या पाइपातून, संडासातून, जमिनीखालून येतं. भिंत फक्त ते बाहेर जाताना आडवी येते.

---

रोखठोक | ५ सप्टेंबर २०२४

काका, सगळं मान्य. पण तुमच्या म्हणण्याप्रमाणे भिंत नको, भराव नको, नदी खणू नका, मगर हलवू नका. मग आम्ही करायचं काय? दर पावसाळ्यात सोफा गच्चीवर? ज्यांनी पार्टी प्लॉटला परवानग्या दिल्या ते उंचावर राहतात. आमच्या सोसायटीने पाच हजार काढले तर लगेच पर्यावरण.

---

ओव्हरसियर | ५ सप्टेंबर २०२४

रागावण्यासारखंच आहे. खणू नका असं मी म्हटलेलं नाही. गाळ काढायलाच हवा, काठावरचे भराव आधी उचलायला हवेत. हरित लवादाने २०२१ मध्येच या नदीचा आराखडा अमलात आणायला सांगितलंय. मी फक्त निंबोणीताईंच्या पाच हजारांबद्दल बोललो.

---

आत्याबाई | ५ सप्टेंबर २०२४

रोखठोक, तुमच्या गाडीचं काय झालं ते नक्की लिहा हो. आमच्या भाच्यालाही तेच विचारलंय.

---

निंबोणी | ९ सप्टेंबर २०२४

गणपती बसले. यंदा हातभर मूर्ती, विसर्जन गच्चीतच बादलीत.

प्रामाणिकपणे सांगते, सही केली. सासूबाई म्हणाल्या, "तू कर, मला भिंत हवी." त्यांनी तीन रात्री दारातून पाणी येताना पाहिलंय, त्यांच्याशी मी काय वाद घालू? फक्त सहीखाली लिहिलं, "भिंतीला संमती, कोतर बुजवायला विरोध." सेक्रेटरी म्हणाले, यासाठी रकाना नाही. मी म्हटलं, समासात लिहिलंय.

लारीवाल्याशी बोलले. तो म्हणाला, कचरागाडी सकाळी येते, रात्रभर ठेवलं तर वास येतो. आता झाकणाचा पिंप घेऊन दिलाय, पैसे तीन घरांनी मिळून. धप्प आवाज बंद आहे, निदान आमच्या बाजूला.

---

निंबोणी | ११ फेब्रुवारी २०२५

धागा वर आणतेय. भिंत डिसेंबरात झाली, आठ नाही, सात फूट. पैसे तेवढेच पुरले. भरावाचं असं झालं की ट्रॅक्टरवाल्याने दोन खेपा टाकल्या, त्या दिवाळीपर्यंत खाली बसल्या, मग तो आलाच नाही. माझ्या समासाचा यात काही वाटा नाही.

आणि गेल्या आठवड्यात मगरींची मोजणी झाली! दोरी_गोणपाट यांच्या ओळखीने मला काठावरून बघायला मिळालं. अंधारात बॅटरी पाण्यावर फिरवली की डोळे चमकतात, निखाऱ्यांसारखे लालसर. एका वळणावर मी सात जोड्या मोजल्या. पैकी एक, पुढे आलं तेव्हा कळलं, एकाच डोळ्याची होती. वीस पावलांवर पुलावरून गाड्यांची रांग आणि कुणाच्या तरी वरातीचा बँड. खाली हे. मला त्या पुलावरून जाऊन पंचवीस वर्षं झाली असतील, एकदाही गाडी थांबवून खाली पाहिलं नव्हतं.

---

दोरी_गोणपाट | ११ फेब्रुवारी २०२५

एकूण आकडा चारशेच्या वर गेला. भर शहरात वाहणाऱ्या, गटारं पोटात घेणाऱ्या नदीत. वाघाला कायद्याने जे संरक्षण आहे तेच मगरीला आहे, १९७२ च्या कायद्याची पहिली अनुसूची. पण वाघाला कुणी सांडपाण्यात ठेवत नाही.

---

दोरी_गोणपाट | ६ एप्रिल २०२५

पात्र रुंद करायचं आणि गाळ काढायचं काम मार्चपासून सुरू झालंय हे सगळ्यांना दिसतंच आहे. पावसाळ्याआधी संपवायचं आहे. रोखठोक खूश असतील, आणि त्यात चूकही नाही.

माझी अडचण फक्त महिन्यांची आहे. मगरी नेमक्या याच दिवसांत काठावर खड्डा करून अंडी घालतात, पंचवीस-तीस. दोन महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर पिल्लं बाहेर. खड्ड्यात ऊब किती यावर नर की मादी ते ठरतं, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा थट्टा वाटली होती. पिल्लं अंड्यातूनच चिंव चिंव करतात. आई ते ऐकते, माती उकरते आणि एकेकाला दातांमध्ये उचलून पाण्यात नेते. त्याच जबड्याने, ज्याची आपण इतकी चर्चा केली.

पहाटे पोकलेन सुरू व्हायच्या आधी काही जण काठ बघत फिरतो. काल एका जागी माती ताजी उकरलेली दिसली, बाजूला पोटाच्या घसटीचा गुळगुळीत माग. मशीनचा ऑपरेटर झारखंडचा मुलगा. त्याला दाखवलं, तर तो खाली उतरला, जमिनीला कान लावला, आणि म्हणाला, "अभी तो सो रहे हैं." मशीन पुढच्या वळणावर नेलं. त्याच्या साहेबाने विचारलं तर काय सांगशील म्हटलं, तर म्हणाला पट्टा ढिला झाला होता.

---

रोखठोक | ६ एप्रिल २०२५

त्या मुलाला माझ्याकडून एक उसाचा रस पाजा. (क्लेम अर्धा मिळाला, आत्याबाई. उरलेल्यासाठी भांडतोय.)

---

निंबोणी | २९ जून २०२५

पहिला दणक्याचा पाऊस झाला. नदी आपल्या जागी होती, पण पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी. पावसाचंच, छतावरून आणि रस्त्यावरून आलेलं. पूर्वी ते मागच्या तुटक्या भिंतीतून कोतरात उतरून जायचं. आता सात फुटांची भिंत. दोन दिवस पाणी हललं नाही, डास, सगळ्यांच्या गाड्या पुन्हा रस्त्यावर.

मीटिंग झाली. भिंतीला खालच्या बाजूने चार भोकं पाडायची ठरली, हातभर रुंद. दर घरामागे तीनशे. ओव्हरसियर काका, तुमची पोस्ट मी ग्रुपवर टाकली नाही, नुसतं वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "हे गृहस्थ आधी कुठे होते?"

भोकांना लोखंडी जाळ्या बसवल्यात, मगर येईल म्हणून. आज सकाळी दूध आणायला उतरले तर वॉचमनभाई एका जाळीपाशी उकिडवे बसलेले. जाळीच्या आतल्या बाजूला, म्हणजे आमच्याकडे, एक कासव. ताटाएवढं, पाठ मऊ, चामड्यासारखी. ते जाळीला डोकं लावून ढकलत होतं, थांबत होतं, पुन्हा ढकलत होतं. बाहेर कोतराकडे जायचं होतं त्याला.

---

दोरी_गोणपाट | २९ जून २०२५

गोड्या पाण्यातलं मऊ पाठीचं कासव. मान लांब करून चावतं, पुढून धरू नका. काय केलंत?

---

निंबोणी | २९ जून २०२५

वॉचमनभाईंनी पाना आणला. जाळीचे चारही बोल्ट काढले.

---

आत्याबाई | ३० जून २०२५

आणि परत लावले का?

---

निंबोणी | ३० जून २०२५

तीन लावले. चौथा गाळात पडला, सापडत नाहीये. जाळी आता एका बाजूने उघडते. सेक्रेटरींना अजून सांगितलेलं नाही, इथेही कुणी सांगू नका.